वरून आरसा, खालून पोकळ

दक्षिण कोरियातील ज्या प्रयोगशाळेत मी पेरोव्स्काइट नावाच्या स्फटिकी पदार्थाचा पातळ थर वापरणाऱ्या सौरघटांवर काम करतो, तिथे त्या उन्हाळ्यात आमच्यापुढे एक चमत्कारिक पेच होता. थर दिसायला उत्तम होत होते. सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिककण मोठे आणि एकमेकांना घट्ट भिडलेले दिसत, एक्सआरडीच्या, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासण्याच्या, आलेखात कच्चा माल असलेल्या लेड आयोडाइडचे १२.७ अंशांजवळचे शिखर जवळजवळ नाहीसे झालेले असे, आणि तरीही घटांची कार्यक्षमता २० टक्क्यांच्या अलीकडेच अडकून बसली होती. २००९ साली जपानमध्ये मियासाका यांच्या गटाने असा पहिला घट केला तेव्हा ती ३.८ टक्के होती. आज प्रमाणित विक्रम २६ टक्क्यांच्या पुढे गेला आहे, त्यामुळे १९ टक्के हा आकडा गटाच्या बैठकीत मोठ्याने सांगावासा कुणालाच वाटत नाही.

आमची पद्धत सर्वत्र रूढ आहे तीच. लेड आयोडाइड आणि फॉर्मामिडिनियम आयोडाइड डीएमएफ व डीएमएसओ या दोन द्रावकांच्या मिश्रणात विरघळवून तो पिवळा द्रव इलेक्ट्रॉन गोळा करणाऱ्या टिन ऑक्साइडचा लेप दिलेल्या काचेवर टाकायचा, काच वेगाने फिरवायची, फिरत असतानाच नेमक्या क्षणी वरून अँटीसॉल्व्हंट, म्हणजे विरघळलेला पदार्थ द्रावणातून बाहेर पाडणारा द्रव, सोडायचा आणि मग ती काच १५० अंशांच्या हॉटप्लेटवर ठेवायची. फिकट तपकिरी थर पाहता पाहता काळा होतो. यातील डीएमएसओ लेड आयोडाइडला धरून ठेवतो आणि स्फटिकीकरणाची घाई रोखतो. ही युक्तीही दहा-बारा वर्षांपूर्वी कोरियातील संशोधकांनीच रुळवली. तो नसेल तर कण बारीक राहतात आणि थराला छिद्रे पडतात.

त्या दिवशी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून आलेला माझा कनिष्ठ सहकारी तयार काचा डबीत भरत होता. एक काच चिमट्यात धरून तो थांबला आणि म्हणाला, "सर, काचेच्या बाजूनं बघा जरा. हा भाग पांढुरका का दिसतोय?" मी ती काच खिडकीकडे धरली. थराच्या बाजूने तीत माझा चेहरा स्वच्छ दिसत होता. उलटी केली तर मध्यभागी राखाडी धुके पसरलेले होते. मग आम्ही फोटोल्युमिनेसन्सही, म्हणजे प्रकाश पडल्यावर थर स्वतः जो प्रकाश सोडतो तोही, दोन्ही बाजूंनी मोजला. काचेच्या बाजूने तो बराच क्षीण होता, म्हणजे प्रकाशाने मोकळे झालेले विद्युतभार खालच्या भागात वाया जात होते.

खात्री करायची तर थराची खालची बाजू उघडी करणे भाग होते. आम्ही थरावर इपॉक्सी लावून ते घट्ट होऊ दिले आणि ब्लेडच्या टोकाने कडेला हलकेच उचलून संपूर्ण थर काचेपासून सोलून काढला. एसईएमच्या (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या) पडद्यावर जे दिसले त्याने दोघेही गप्प झालो. वरच्या बाजूला जिथे अखंड फरसबंदी होती, तिथेच खालच्या बाजूला लहानमोठ्या पोकळ्यांची रांगच्या रांग होती. अर्ध्या मायक्रॉनच्या थरात या पोकळ्या म्हणजे टिन ऑक्साइडशी संपर्कच तुटण्यासारखे आहे. शिवाय अशा जागी थर आधी खराब होऊ लागतो, हे वेगळेच.

कारण डीएमएसओतच होते. डीएमएफ १५३ अंशांना उकळतो आणि डीएमएसओ १८९ अंशांना. त्यात डीएमएसओ लेड आयोडाइडमधील शिशाला चिकटून बसलेला असतो. हॉटप्लेटवर द्रावक आधी पृष्ठभागावरून उडतो, त्यामुळे स्फटिक वरून खाली वाढत जातात, आणि तापत्या दुधावर साय धरावी तसा वरचा थर मिटतो. खाली अडकलेला डीएमएसओ नंतर कुठल्यातरी फटीतून निघून जातो, पण त्याने व्यापलेली जागा रिकामीच राहते. म्हणजे ज्या गुणासाठी आम्ही तो वापरत होतो, तोच त्याच्या प्रमाणाबाहेरच्या उपस्थितीत आमच्या मुळावर येत होता.

आम्ही डीएमएसओचे प्रमाण पायरीपायरीने कमी केले आणि काच एकदम १५० अंशांवर न ठेवता आधी कमी तापमानावर थोडा वेळ ठेवू लागलो, म्हणजे वरचा थर मिटण्यापूर्वी द्रावकाला बाहेर पडायला सवड मिळते. प्रमाण फार उतरवले की थरात छिद्रे येतात, त्यामुळे जागा अगदी अरुंद आहे. ती सापडल्यावर स्फटिककण पूर्वीपेक्षा किंचित लहानच निघाले, पण व्होल्टेज आणि फिल फॅक्टर (कमाल व्होल्टेज आणि कमाल प्रवाह यांच्या गुणाकारापैकी प्रत्यक्ष हाती येणाऱ्या शक्तीचा वाटा) दोन्ही वाढले. विद्युतप्रवाह फारसा हलला नाही. शोधनिबंधांत मोठ्या कणांच्या छायाचित्रांचे जे कौतुक चालते, त्याकडे मी तेव्हापासून थोड्या संशयाने पाहतो. कणांच्या सीमा कमी असणे चांगलेच, पण वरून घेतलेले छायाचित्र थराच्या तळाविषयी काहीही सांगत नाही.

आता प्रत्येक नव्या मिश्रणाची एक काच आम्ही सोलण्यासाठीच राखून ठेवतो. पुढचे काम मोठ्या काचांवर ब्लेडने लेप देण्याचे आहे. तिथे थर जाड असतो आणि द्रावक आणखी सावकाश निघतो, त्यामुळे लहान काचेवर जमलेले प्रमाण तिथे जसेच्या तसे चालेल असे मला वाटत नाही.