सर्टिफिकेट देता का? तुम्ही विचारलंत म्हणून

गेली नऊ वर्षं मी रविवारी सकाळी पुण्यातल्या वेताळ टेकडीवर जाते. आमचा पंधरा-वीस जणांचा गट आहे, त्यातली निम्म्याहून जास्त कॉलेजची मुलं. वनखात्याला विचारून आम्ही तिथे रोपं लावतो आणि सांभाळतो. हे कुणाला कळलं की ठरलेला प्रश्न येतो. पालक असतील तर, "सर्टिफिकेट मिळतं ना?" आणि माझ्या वयाचं कुणी असेल तर, "ही मुलं सर्टिफिकेटसाठीच येतात ना हो? मग देता कशाला?" परवा एका लग्नात जेवताना दोन्ही प्रश्न पाठोपाठ आले. तिथे धड बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

हो, देतो. आणि हो, बरीचशी मुलं त्यासाठीच येतात. मला त्यात काही वावगं वाटत नाही.

पहिली तीन वर्षं वाटायचं. सेवा केल्याचा कागद कसला मागायचा, असं मी मुलांना तोंडावर म्हणायचे. मग एकदा घरातली जुनी ट्रंक आवरताना माझीच राष्ट्रीय सेवा योजनेची वही हाताला लागली. ही योजना 1969 मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. वर्षाला 120 तास, दोन वर्षांत 240, शिवाय गावात सात दिवसांचं शिबिर. माझ्या वहीत तारीखवार तास लिहिलेले होते, प्रत्येक ओळीपुढे सरांची सही होती. शिबिरात आम्ही रचलेला दगडी बांध मला लख्ख आठवत होता, पण त्या सह्यांसाठी मी सरांच्या मागे कशी फिरायचे ते पार विसरले होते. त्या वहीमुळेच मी शिबिराला गेले होते. त्या दिवसानंतर मी मुलांना बोलणं बंद केलं.

बदललं एवढंच की कागद कधी द्यायचा, ते. पूर्वी मुलं जुलैत यायची, दोन-तीन रविवार रोपं लावायची, सप्टेंबरात कागद घेऊन जायची. मार्चमध्ये टेकडीवर आम्ही चौघंच असायचो, सगळी पन्नाशीच्या पुढची, हातात पाण्याचे कॅन. आता तास मोजायला सुरुवात होते एक फेब्रुवारीला आणि कागद मिळतो पहिला पाऊस पडल्यावर. पावसाळ्यात कुणीही या, आनंदच आहे, पण तो वेळ त्यात धरत नाही.

कारण टेकडी उन्हाळ्यात कळते. पुण्याचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरात पडून जातो. खाली काळा पाषाण आणि वर कुठे वीतभर, कुठे चार बोटं मुरूम. ऑक्टोबरपर्यंत रोप तगतं, त्यात आपलं कौतुक फारसं नसतं. फेब्रुवारीत गवत वाळून खडखडीत होतं, आणि कुणी टाकलेली एक जळती काडी पुरते. वणवा लागला की दोन-तीन वर्षांची मेहनत एका दुपारी जाते. आपल्या राज्यात 2016 पासून वृक्षलागवडीचे मोठमोठे संकल्प झाले, 2 कोटी, मग 4, मग 13, आणि 2019 मध्ये 33 कोटी. ते सगळे लावायचे आकडे होते. जगलेल्या झाडाचा आकडा सांगायला किमान तीन उन्हाळे जावे लागतात, आणि ते काम पाणी घालणाऱ्याचं आहे.

उन्हाळ्यातलं काम दिसायला काहीच नाही. आळी नीट करायची, त्यांत वाळल्या गवताचं आच्छादन घालायचं, रोपाभोवतीचं उभं गवत कापायचं म्हणजे आग आली तरी तिथे थांबेल. आणि पाणी. पाच लिटरचा कॅन घेऊन चढायचं. प्रत्येकाच्या वाट्याला सहा रोपं, त्यांची नावं पाठ पाहिजेत. आपटा, मेडशिंगी, गणेर, सालई, बहावा, इथलीच झाडं. टेकड्यांवर पूर्वी लावलेल्या गिरिपुष्पाचं रान माजलंय. ते झाड मध्य अमेरिकेतलं, भराभर वाढतं म्हणून आणलेलं. आपल्याकडे त्याला उंदीरमारी म्हणतात, त्यावरून काय ते ओळखा. मोकळ्या गवताळ भागात मात्र आम्ही एकही खड्डा घेत नाही. ती जागा तित्तिर आणि चंडोल यांची. नवी मुलं हमखास विचारतात, "इथे एवढी रिकामी जागा आहे, इथे का नाही लावायचं?" ती जागा रिकामी नाही, हे पटायला एक पहाट तिथे गप्प बसावं लागतं. मी बसवते.

गेल्या वर्षी बारावी झालेला एक मुलगा आला होता. परदेशी शिकायला जायचं होतं, त्या अर्जासाठी कागद हवा होता. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, "काकू, येण्याजाण्याचा वेळ धरायचा का?" मी म्हटलं, धर. तो मोबाइलवर मिनिटं लिहायचा, सहा रोपांना पाणी घालून निघून जायचा. बोलणं नाही, चहाला थांबणं नाही. पण एकही रविवार चुकवला नाही. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात त्या उतारावर वणवा लागला. आम्ही पोचलो तेव्हा सगळं काळं झालं होतं, जमीन अजून गरम होती, बुटाच्या तळव्यातून चटका लागत होता. त्याच्या सहापैकी चार रोपांची नुसती काळी काटकी उरली होती. तो काही बोलला नाही. एकेका आळ्यापाशी उकिडवा बसून खोडाला नखाने ओरखडा काढून बघत होता. आत हिरवं दिसलं तर रोप जिवंत, हे कधीतरी मीच सांगितलं होतं. एका आपट्याला जमिनीलगत हिरवी रेघ निघाली. सगळा कॅन त्याने तिथेच रिता केला.

दुसरी आठवण एका मुलीची. बीड जिल्ह्यातली, आष्टीकडची, इथे वसतिगृहात राहून शिकणारी. तीही तासांसाठीच आली होती. आम्ही कॅनमधून पाणी ओततोय ते बघून दोन रविवार गप्प राहिली. तिसऱ्या रविवारी म्हणाली, "काकू, अर्धं पाणी तर ऊनच पितंय." मग तिने सांगितलं, तिची आजी लिंबोणीच्या रोपांना मडक्याने पाणी देते. मडक्याच्या बुडाला बारीक भोक, त्यात सुती चिंधीची वात, मडकं रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरायचं आणि तोंडावर चपटा दगड ठेवायचा. पाणी थेंब थेंब मुळांपाशी मुरतं. उन्हाळा लागला की आपल्याकडे सोसायट्यांच्या फाटकांपाशी जुने माठ टाकलेले दिसतात, पाणी गार होत नाही म्हणून टाकलेले. मुलांनी ते गोळा केले. भोक पाडताना पहिले तीन फुटले. मग तिने खिळा कसा धरायचा ते दाखवलं, ठोकायचं नाही, हाताने गोल गोल फिरवत न्यायचा. नऊ वर्षं मी टेकडीवर जाते, हे मला सुचलं नव्हतं. आता माठ पुरलेल्या रोपांना आठवड्यातून एकदा पाणी पुरतं.

कुणी मला मुंबईतल्या वर्सोवा किनाऱ्याचं उदाहरण देतात. वकील अफरोझ शहा आणि त्यांचे एक वयोवृद्ध शेजारी, अशा दोघांनीच 2015 मध्ये तो किनारा साफ करायला घेतला, पुढे लोक जोडले गेले, आणि 2018 मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली. तिथे तर कागद नव्हता, असं म्हणतात. मला त्यातून दुसरंच दिसतं. ते आठवड्यामागून आठवडे त्याच किनाऱ्यावर गेले. आमच्याकडे मुलांना त्याच उतारावर पुन्हा पुन्हा आणायला कागद उपयोगी पडत असेल, तर मी तो हौसेने देईन.

बरीच मुलं कागद मिळाल्यावर येत नाहीत. त्यांचा मला राग नाही. चार महिने सहा झाडांना त्यांनी पाणी घातलं, ते पाणी त्या झाडांत गेलेलं आहे.

आता कागदावर काय असतं, ते सांगते, कारण पालकांचा खरा वाद तिथे होतो. 'पर्यावरणदूत' वगैरे आम्ही लिहीत नाही. महिने, तास, सहा रोपांची नावं, आणि प्रत्येकापुढे जगलं की मेलं. एका आईने मला फोन करून कळवळून सांगितलं होतं, "अहो, मेलेली कशाला लिहिता? प्रवेशाला दाखवायचंय." मी नाही बदललं. जूनमध्ये त्या मिनिटं लिहिणाऱ्या मुलाचा कागद मी समोर बसून भरत होते. तीन रोपांपुढे 'मेलं' लिहिलं, तसा तो म्हणाला, "काकू, नुसतं मेलं नका लिहू. वणव्यात गेलं, असं लिहा. आणि आपट्यापुढे लिहा, खालून फुटलाय."