शिबिरानंतरची बैठक

इगतपुरीहून विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर करून परतलेला माणूस घरात लगेच ओळखू येतो. तो चहा सावकाश पितो, टीव्हीचा आवाज सहन करतो आणि भाजी अळणी झाली तरी बोलत नाही. घरचेही जरा जपून वागतात. हे साधारण पंधरवडा टिकतं, असा त्यांचा अनुभव असतो.

धम्मगिरीवर, म्हणजे इगतपुरीच्या त्या केंद्रावर, ध्यानाला बसणं सोपं असतं, असं म्हटलं तर दहा दिवस गुडघे धरून बसलेले लोक अंगावर येतील. पण तिथे पहाटे चारची घंटा दुसरं कोणीतरी वाजवतं, स्वयंपाक दुसरं कोणीतरी करतं, मोबाइल जमा असतो आणि दिवसाचे दहा तास बसण्यावाचून गत्यंतर नसतं. घरी घंटाही आपण, सेवकही आपणच. ही शिबिरं सुरू करणारे आचार्य सत्यनारायण गोएंका साधकांना निरोप देताना सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायला सांगत. त्यातला संध्याकाळचा तास आधी गळतो. कारण साधं आहे: तो आपण जेवणानंतर ठेवतो. भरल्या पोटी डोळे मिटले की झोपच लागणार. बाहेरून आल्यावर हातपाय धुऊन, स्वयंपाकघराकडे न बघता बसावं. तासभर जमत नसेल तर वीस मिनिटं बसावं, पण जागा आणि वेळ ठरलेली हवी. मोबाइलवर गजर लावायचा असेल तर तो विमान मोडवर टाकावा, नाहीतर सोसायटीच्या ग्रुपवरचा पाण्याचा टँकर थेट ध्यानात शिरतो.

बैठकीचं एकच गणित आहे. कंबर गुडघ्यांपेक्षा वर हवी. बुडाखाली तीन-चार इंच उंचीची घट्ट गादी घेतली की पाठ आपोआप सरळ राहते. मऊ उशी दहा मिनिटांत दबते आणि पाठीला पोक येतो. मांडी जमत नसेल तर खुर्ची चालते. पाठ मात्र टेकू नये. पाय बधिर होतो तो नसेवर दाब आल्यामुळे. उठण्याची घाई न करता पाय मोकळा करून दोन मिनिटं थांबावं.

सुरुवात आनापानाने. नाकपुड्यांच्या खाली, वरच्या ओठाच्या वर एवढ्याशा जागेवर श्वासाचा स्पर्श जाणायचा. श्वास मोजायचा नाही, लांबवायचा नाही, सोबत नामही घ्यायचं नाही. मन पळतं. नवखा साधक ते किती वेळा पळालं हे मोजतो आणि खट्टू होतो. हा हिशोबच चुकीचा आहे. पळालेलं कधी लक्षात आलं, ते पाहावं. पहिल्या महिन्यात मन ऑफिसात जाऊन बॉसशी भांडून, राजीनामा देऊन, दुसरी नोकरी धरून येतं, तेव्हा कळतं. पुढे भांडणाच्या पहिल्याच वाक्याला कळू लागतं. साधना मुरते ती इथे, आणि बाहेरून कोणालाच दिसत नाही. पेंग आली तर चार-पाच श्वास मुद्दाम जोरात घ्यावेत. तरी डोळे मिटू लागले तर उठून तोंडावर गार पाणी मारावं.

शिबिरात चौथ्या दिवसापासून विपश्यना सुरू होते: डोक्याच्या टाळूपासून पायाच्या बोटांपर्यंत एकेक भाग पाहत जायचं. एखाद्या भागात काहीच जाणवत नसेल तर तिथे मिनिटभर थांबून पुढे सरकायचं. कुठे उष्णता, कुठे मुंग्या, कुठे जडपणा, जे असेल ते. मग एखाद्या दिवशी सगळ्या अंगातून हलका प्रवाह वाहतो आणि तिथेच घोळ होतो. उद्याही तोच यावा म्हणून माणूस बसतो. दुखऱ्या गुडघ्यापेक्षा हा प्रवाह साधकाला जास्त बिघडवतो, कारण गुडघ्याबद्दल निदान कोणाला आसक्ती नसते. प्रवाह असो वा दगडासारखा खांदा, दोन्हीकडे त्याच समतेने पाहायचं. प्रवाह आला तरी अधूनमधून एकेक भाग तपासायचाच. शेवटची पाच मिनिटं मैत्रीसाठी, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतण्यासाठी ठेवावीत. घाईत लोक नेमकी तीच कापतात.

दुसरा घोळ मिसळीचा. सकाळी विपश्यना, दुपारी कुठल्यातरी अ‍ॅपवर चक्रं, रात्री मंत्र. यातली कोणतीही पद्धत वाईट नसेल, पण एकत्र केल्यावर काय कशामुळे होतंय ते कळेनासं होतं. आणि बसल्यावर सलग काही दिवस भीती वाढत असेल, झोप उडत असेल, तर तास वाढवू नयेत. कमी करावेत, शिबिर घेणाऱ्या सहायक आचार्यांशी बोलावं, डॉक्टरांनाही दाखवावं. चालू गोळ्या मनाने बंद करणं ही साधना नव्हे.

आठवड्यातून एकदा जवळच्या सामूहिक साधनेला जावं. शेजारी कोणीतरी न हलता बसलेलं असलं की आपला पायही जरा कमी कुरकुर करतो. अधिष्ठानाचा तास, म्हणजे हात-पाय न हलवता, डोळे न उघडता बसणं, घरी एकट्याने साधत नाही ते तिथे साधतं.

वर्षभर नियमित बसून आणि दहा दिवसांची तीन शिबिरं करून काही जण सतिपट्ठान शिबिराला अर्ज करतात. आता पुढचं काहीतरी गुपित हाती लागेल, ही त्यांची आशा. तिथे रात्रीचं प्रवचन वेगळं असतं, सतिपट्ठान सुत्ताचा, म्हणजे बुद्धाच्या त्या नावाच्या उपदेशाचा अर्थ खोलात जाऊन उलगडतात, साधना तीच. वीस, तीस आणि पंचेचाळीस दिवसांच्या शिबिरांत तर एक-तृतीयांश वेळ नुसतं आनापान. वर्षानुवर्षं बसलेले साधक तिथे येऊन पुन्हा आपल्या नाकाखालची बोटभर जागा शोधत बसतात.