बीमटाइम, फ्लोरीन आणि वाया गेलेले सात महिने (माझा अनुभव)

मॅग्नेशियम-२५ वर प्रोटॉन मारायचे आणि ॲल्युमिनियम-२६ किती वेगाने तयार होतं ते मोजायचं, काम एवढंच. नोव्हाच्या (अचानक भडकणाऱ्या ताऱ्याच्या) स्फोटात ही रिॲक्शन होते, आणि ॲल्युमिनियम-२६ चं अर्धायुष्य सात लाख वर्षांच्या घरातलं असल्याने त्याचे १८०९ केईव्हीचे (केईव्ही हे ऊर्जेचं एकक) गॅमा किरण आकाशगंगेतून आजही येतात. बीमटाइमचं (म्हणजे ॲक्सिलरेटरवर मिळणाऱ्या तासांचं) प्रपोजल, सेफ्टीचं ट्रेनिंग वगैरे सुरळीत झालं, त्याबद्दल काही नाही.

अडलो फ्लोरीनपाशी.

बीम ३१७ केईव्हीला लावला (रेझोनन्स, म्हणजे जिथे रिॲक्शन एकदम जोरात होते ती ऊर्जा, ३१६ च्या आसपास, जरा वर जावं लागतं) आणि पहिल्याच रात्री गॅमाची ऊर्जा मोजणाऱ्या जर्मेनियम डिटेक्टरच्या आलेखात सहा हजारांपुढे झकास पीक (टोक) उभं राहिलं. आम्हाला हवं होतं ६१९३. कॅलिब्रेशन कोबाल्ट-६० आणि खोलीतल्या बॅकग्राउंडच्या २६१५ वरून पुढे ओढलेलं, म्हटलं पन्नास-साठ इकडेतिकडे होणारच, आणि खुशीत झोपायला गेलो. दुसऱ्या दिवशी बीम ३०५ ला उतरवला, आता पीक जायला हवं, तर ते जागचं हलेना! सिनियरने एवढंच विचारलं, "कोरं टँटलम लावून बघितलंस का रे?"

टँटलम म्हणजे बॅकिंग, मॅग्नेशियमचा थर ज्यावर बसवतात तो पत्रा. नव्हतं बघितलं. लावलं. मॅग्नेशियमचा कण नाही आणि पीक तिथेच, नीट कॅलिब्रेट केल्यावर ६१३० ला, खाली ५६१९ आणि ५१०८ ला त्याची दोन पिल्लं (गॅमाची थोडी ऊर्जा डिटेक्टरबाहेर निसटली की दिसतात ती). फ्लोरीन-१९ ला प्रोटॉन लागला की अल्फा सुटतो आणि उत्तेजित ऑक्सिजन-१६ हा गॅमा टाकतो. त्याचा एक रेझोनन्स २२४ ला, म्हणजे आमच्या खालीच, बॅकिंगमध्ये मंदावत जाणारे प्रोटॉन तिथून जाणारच. बरं, फ्लोरीन आलं कुठून? टँटलम चकाचक व्हावं म्हणून हायड्रोफ्लोरिक ॲसिडमध्ये बुडवलं होतं. कोणी, तर मीच.

तोवर बीमटाइम संपला. पुढचा मिळवायला फॉर्म, त्यात रकाना: आधीचे तास वाया जाण्याचं कारण. मी लिहिलं, "फ्लोरीन". परत आला, सविस्तर लिहा. अर्धं पान लिहिलं. परत आला, थोडक्यात लिहा. प्रत्येक फेरीला समितीची पुढची बैठक, असे सात महिने गेले, आणि तिसऱ्यांदा जे मंजूर झालं ते जवळपास "फ्लोरीन" एवढंच होतं.

मधल्या काळात टँटलम व्हॅक्यूममध्ये करंट देऊन लालभडक तापवून घेतलं, मगच त्यावर मॅग्नेशियम चढवलं. हे आधी करा, आणि कोऱ्या बॅकिंगचा रन पहिल्या शिफ्टलाच घ्या, कितीही घाई असली तरी. अजून एक, टार्गेट बीमखाली झिजतं, त्यामुळे दर काही तासांनी रेझोनन्सवरून स्कॅन (बीमची ऊर्जा थोडी थोडी बदलत मोजणं) घेत चला, आलेखातलं पठार खाली आलं की समजायचं मॅग्नेशियम उडालं. कोल्ड ट्रॅपमधला (टार्गेटजवळची वाफ गोठवून धरणारा थंड भाग) लिक्विड नायट्रोजन रात्रीच्या शिफ्टला हमखास विसरला जातो, मग टार्गेटवर कार्बन बसतो.

दुसऱ्या खेपेला ३०५ वर ६१९३ च्या जागी काही नाही आणि ३१७ ला पीक खाडकन वर. ६१३० ला बारीकसं टेकाड अजून आहेच, ते मी प्लॉटमधून कापलेलं नाही.