ड्रॅगनच्या वैरणीचा हिशेब

माझ्या पुस्तकांच्या कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा रिकामा आहे. 2019 च्या ऑगस्टात सांगलीला पूर आला, कृष्णामाई घरात आली, तेव्हा तो कप्पा तिनं घेतला, आणि तेव्हापासून तिथं काही ठेवायचा धीर होत नाही. गावभागात तळमजल्यावर राहणाऱ्या कुणाच्याही घरी जा, खालच्या कप्प्यात जुन्या चपला नाहीतर प्लास्टिकच्या बादल्या दिसतील.

गेलेली पुस्तकं बहुतेक सगळी थ्रिलर होती. पाणी ओसरल्यावर दार ढकललं, तर ती फुगून कप्प्यात इतकी घट्ट बसली होती की उलथन्यानं खरवडून काढावी लागली. पानं एकमेकांना चिकटून पुस्तकाची वीट झालेली. वरच्या कप्प्यांवर फँटसी होत्या, त्यांना पाणी पोचलं नाही. कृष्णामाईनं साहित्याची निवड केली असं बायको अजून पाहुण्यांना सांगते, पण निवड आधी मीच केली होती. खुनी कोण ते एकदा कळलं की पुस्तक खाली जायचं, आणि पुन्हा कधीतरी हात लागेल असं वाटायचं ते डोळ्यांच्या उंचीला राहायचं.

मी हळदीच्या अडतीवर तेहतीस वर्षं हिशेब लिहिले. कीर्द, खतावणी, आणि शेवटी जमा-नावे जुळवून बघायची तेरीज. पुढं संगणक आला, पण डोकं कीर्दीचंच राहिलं. तेरीज जुळत नाही म्हणजे एकतर नोंद राहिली, नाहीतर कुणीतरी राहू दिली. रहस्यकथा वाचायला याच्याहून चांगली तालीम नाही. शाळेत असताना बाबूराव अर्नाळकर भाड्यानं आणून वाचले. त्यांच्या हजाराहून जास्त रहस्यकथांपैकी किती वाचल्या याची नोंद ठेवली नाही, एवढीच चुटपुट.

आताच्या थ्रिलरांबद्दल मात्र माझी तक्रार आहे. गेल्या तीनचार वर्षांत मुलीनं पाठवलेली दहाबारा वाचली. मोठं घर, देखणा नवरा, माळ्यावरची कुलूपबंद खोली, चारचार पानांची प्रकरणं. निम्म्यावर आलं की सांगणारी बदलते, आणि नवी येऊन म्हणते की आधीचीनं तुम्हाला सांगितलं ते तसं नव्हतंच. वाचताना हात थांबत नाही हे कबूल. रात्रीचे दोन वाजतात. अगदी भडंगासारखं आहे ते, मूठ मूठ करत पिशवी संपते, तिखटानं तोंड पोळतं आणि पोटात काही गेलेलं नसतं. सकाळी चहा पिताना आठवायला लागलं तर बाईचं नावही आठवत नाही.

सांगणाऱ्यानं खोटं बोलू नये असं माझं म्हणणं नाही. बोलावं, खुशाल बोलावं. पण मागं वळून चाळलं तर त्या खोट्याची नोंद कुठंतरी सापडली पाहिजे. एखादं वाक्य, एखादी वेळ, एखादा न धुतलेला कप. तिसऱ्या पानावरची रक्कम शेवटच्या पानावर खोडून नवी लिहायची आणि त्याला धक्का म्हणायचं, हे आमच्या अडतीवर कुणी केलं असतं तर त्याच दिवशी घरी गेला असता.

रोनाल्ड नॉक्स नावाच्या एका इंग्रज पाद्र्यानं 1929 साली रहस्यकथेचे दहा नियम घालून दिले होते. त्याच वर्षी आमचा कृष्णेवरचा आयर्विन पूल खुला झाला. दोन्हीवरून अजून रहदारी चालू आहे. हाती लागलेला प्रत्येक धागादोरा गुप्तहेरानं वाचकापुढं तिथल्या तिथं ठेवलाच पाहिजे, हा त्यातला मला सगळ्यात पटलेला नियम. एका गोष्टीत एकापेक्षा जास्त गुप्त खोली किंवा भुयार चालणार नाही, असाही एक आहे. त्या पाद्रीबाबांना हरिपूर दाखवायला हवं होतं. कृष्णा-वारणेच्या संगमावरचं ते गाव, आणि गावाच्या जमिनीखाली हळदीची पेवंच पेवं, म्हणजे हळद साठवायला खोल खणलेली कोठारं. वर बघावं तर नुसती माती. वडील मुनीम होते, त्यांच्याबरोबर मी लहानपणी पेव उघडताना पाहायला जायचो. तोंड उघडलं की लगेच कुणी आत उतरायचं नाही. आधी दोरीनं कंदील सोडायचा. कंदील विझला तर आत माणूसही विझणार. सगळे काठावर उकिडवे बसून त्या ज्योतीकडं बघायचे, आणि खालून हळदीचा असा कोंडलेला वास यायचा की डोळ्यांत पाणी. बंद खोलीतल्या खुनाच्या इतक्या कादंबऱ्या वाचल्या, पण त्या कंदिलाइतका श्वास रोखायला एकीनंही लावलं नाही. 2005 च्या पुरात पाणी पेवांत शिरलं आणि ती बहुतेक कामातून गेली. आता हळद शीतगृहात असते. शीतगृहात कसलं रहस्य?

नव्यांतलं एक मात्र मी मनापासून वाचलं. रिचर्ड ऑस्मनचं 'द थर्सडे मर्डर क्लब', 2020 चं. इंग्लंडात केंट परगण्यात निवृत्त लोकांची एक वसाहत आहे. तिथले चार म्हातारे दर गुरुवारी जमून पोलिसांनी अर्धवट सोडलेल्या जुन्या खुनांचा छडा लावत बसतात, आणि मग खरोखरच एक खून त्यांच्या दारात येऊन पडतो. हसलो, दोनदा गलबललोही. जोडीदाराचं आजारपण, रिकामी खुर्ची, हे त्यानं बेतानं लिहिलंय. पण सांगलीत हा क्लब चालायचा नाही. गणपती मंदिराजवळ आम्ही पाचसहाजण संध्याकाळी बसतो. मी त्यांना गोष्ट सांगितली, तर एक निवृत्त तलाठी म्हणाले, "त्याला गुरुवार कशाला पाहिजे ओ? खून सकाळी झाला तर दुपारी भाजी आणायला गेलेल्याला कळंल की कुणी केलाय ते." दुसरे म्हणाले, "कुणी केला ते कळंलच, का केला तेपण कळंल. साक्षीला कोण जाणार एवढंच रहस्य." यावर कादंबरी कशी लिहिणार?

आताच्या फँटसीची दीक्षा मुलीकडून मिळाली. ती पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे, दिवाळीला येताना पुस्तकं आणते. पहिल्यांदा तिनं रिबेका यारोसचं 2023 चं 'फोर्थ विंग' दिलं. ड्रॅगनवर बसून लढायला शिकवणारं कॉलेज. पहिल्याच दिवशी मुलांनी एका अरुंद दगडी कठड्यावरून पलीकडं जायचं. तोल गेला तर मेलं. मी पन्नास पानांवर तिला फोन केला.

"इतकी पोरं प्रवेशालाच पडून मरायला लागली तर पुढच्या वर्षी अर्ज कोण भरणार?"

"बाबा, तू वाच ना नुसतं."

"आणि हे एवढे ड्रॅगन खातात किती? वैरणीचा खर्च कुणाच्या नावावर?"

"तू ड्रॅगनचं मस्टर मागशील आता."

मागितलं असतं. तिला ती चेष्टा वाटली, पण माझा प्रश्न साधा होता. गोष्टीतला माणूस उडतो हे मी मुकाट्यानं मान्य करतो. उडून दमल्यावर तो कुठं बसतो, काय खातो, ते कुणी रांधलं, एवढं सांगा. आपल्याकडं किल्ल्याच्या गोष्टीत दाणागोटा आणि पाण्याची टाकी आल्याशिवाय वेढा उभाच राहत नाही. जादूला माझा विरोध नाही, फुकटच्या जादूला आहे. तरी पुस्तक पूर्ण केलं हे सांगायला हवं. ड्रॅगन टोमणे मारतात, ते मला आवडलं. त्यातली प्रेमप्रकरणाची पानं मुलीनं दिलेल्या पुस्तकात वाचणं अवघड गेलं. ती भराभर उलटली.

मग तिनं सुझाना क्लार्कचं 'पिरानेसी' आणलं. हेही 2020 चंच. लहानसं. म्हणाली, "यात ड्रॅगन नाहीत. तुझ्यासाठीच लिहिलंय असं वाटलं."

एक अफाट घर. दालनामागं दालन, कुठं संपतच नाही, आणि प्रत्येकात पुतळे. खालच्या मजल्यावर समुद्र, वरच्या मजल्यावर ढग, मधल्या मजल्यावर एक माणूस राहतो. भरतीचं पाणी जिने चढून वर येतं. हा माणूस मासे धरतो, शेवाळ वाळवून जाळतो, आणि रोजनिशी लिहितो. नुसती लिहीत नाही, तिला सूची करतो! कुठली भरती कुठल्या दालनात किती वाजता येणार याची कोष्टकं मांडतो. दोनतीन भरत्या एकदम आल्या तर पाणी कुठवर चढेल ते आधी काढून ठेवतो.

मी उठून बसलो. रात्री अकराला बायकोला उठवून सांगितलं, "अगं, हा आपल्यातला आहे."

कारण आम्ही दुसरं काय करतो? कोयना धरणातून किती सोडलं, वारणा कुठवर आली, खाली अलमट्टी धरणात काय चाललंय, आणि हे सगळं मिळून आयर्विन पुलाला पाणी किती फूट. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. सांगलीत पहिलीतल्या पोराला पाढे येत नसतील, पण हे दोन आकडे येतात. 2019 ला पाणी 57 फुटांवर गेलं. पुस्तकातला माणूस वर्षांना आकडे देत नाही, नावं देतो. नैऋत्येच्या दालनांत अल्बट्रॉस पक्षी आला ते वर्ष, असं. आमच्याकडंही तसंच आहे की. पुतण्याचं लग्न दुसऱ्या पुराच्या आदल्या साली, मोत्याबिंदूचं ऑपरेशन पूर गेल्यावर दोन वर्षांनी.

त्या अल्बट्रॉसचीच एक जागा आहे, ती मी चारवेळा वाचली. पक्ष्यांची जोडी घरटं बांधायला काही मिळतं का ते शोधत असते. याच्याकडं थंडीत जाळायला साठवलेलं वाळकं शेवाळ आहे. किती दिलं तर आपले किती दिवस गारठ्यात जातील याचा तो हिशेब करतो, आणि देऊन टाकतो. तेहतीस वर्षांत अशी खर्चाची नोंद मी पाहिली नाही. आधी देऊन मग हळहळणारे पाहिले, हिशेब करून न देणारे तर रोजचेच. हिशेब पुरता करून, तोटा नीट मांडून देणारा हा एकच.

पुस्तकात पुढं काय होतं ते सांगत नाही, कारण ते रहस्यही आहे. हा माणूस कोण, इथं कसा, भेटायला येणारा तो दुसरा खरं बोलतो का. सगळ्याची उत्तरं मिळतात, आणि मागं चाळलं तर प्रत्येकाची नोंद सापडते. मी पेन्सिलनं खुणा करत दुसऱ्यांदा वाचलं. तेरीज पैशाला पैसा जुळली. मुलीला फोन करून तसं सांगितलं तर म्हणाली, "बाबा, सगळ्या जगानं ते घर किती सुंदर आहे ते लिहिलंय. तू एकटाच ऑडिट करून बसलास."

असेल. पण घर सुंदर वाटलं ते त्याला पाण्याची वेळ ठाऊक होती म्हणून.

ते पुस्तक आता सगळ्यात वरच्या कप्प्यावर आहे. जुलै लागल्यापासून मीही एका जुन्या वहीच्या मागच्या पानांवर रोज सकाळी आयर्विनची पातळी लिहायला लागलोय. बायको म्हणाली, "अहो, मोबाईलवर तासातासाला येतंय की ते. वहीत कशाला?" मी म्हणालो, मोबाईलवरचं कालचं आज सापडत नाही. तिनं चष्मा लावून वही पाहिली. आकडे, तारखा, आणि समासात, आमच्या सज्जात पारव्यानं दोन काड्या आणून टाकल्याची नोंद.

"आज किती?"

"एकतीस. चढतंय."

"पस्तीस झालं की सांगा," ती म्हणाली. "लोणच्याच्या बरण्या वर न्यायच्यात. आणि सज्जातला केरसुणा तिथंच राहू दे, त्यातल्याच काड्या ओढतोय तो."