वूफरचा फोम भुगा झालाय? आधी स्पीकरचा ट्विटर तपासा

जुना हाय-फाय स्पीकर विकत घ्यायला म्हणून बघायला गेलात आणि वूफरच्या (खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या भागाच्या) कडेचा फोम बोट लागताच भुगा होऊन पडला, तर लगेच उठून येऊ नका. त्या फोमचं आयुष्यच साधारण १५ ते २० वर्षांचं. दमट हवेत तो आतून विरतो, आणि कोल्हापुरात पावसाळ्यात भिंतींनाही ओल येते. कड नवी बसवता येते. जळालेल्या ट्विटरच्या (वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या भागाच्या) जागी त्याच मॉडेलचा मिळणं मात्र कठीण, आणि भलताच बसवला की क्रॉसओव्हरचं, म्हणजे सूर दोघांत वाटून देणाऱ्या सर्किटचं, गणित चुकतं. पैसे मोजायचे ते मूळ ड्रायव्हरचे, म्हणजे वूफर आणि ट्विटरचे.

जाताना मल्टिमीटर, स्क्रू ड्रायव्हर आणि दीड व्होल्टचा सेल न्या. मागे ८ ओहम लिहिलं असेल तर मीटर साधारण साडेपाच ते सात दाखवतो, ४ ओहमला तीन ते साडेतीन. दोन्ही स्पीकरचे आकडे जवळपास सारखे हवेत. पण इथेच बरेच जण फसतात: ट्विटरच्या वाटेत कपॅसिटर असतो आणि तो मीटरचा डीसी प्रवाह अडवतो, त्यामुळे मागच्या टर्मिनलवर ट्विटर मोजलाच जात नाही. ट्विटर मेला असला तरी वूफरवर गाणं वाजतं आणि विकणारा प्रामाणिकपणे म्हणतो, ‘चालू आहे की.’ ट्विटर बाहेर काढा, एक वायर सोडवा आणि थेट त्याच्यावर मोजा. मीटर हललाच नाही तर कॉइल (आतली तारेची गुंडाळी) तुटली.

वूफरचा कोन (शंकूसारखा पडदा) चार बोटांनी सगळीकडून सारखा, हळूच दाबा. खरखर आली तर कॉइल घासतेय. पडल्यामुळे मॅग्नेट सरकला असेल, तर ती जोडी सोडा. मग सेल वूफरला क्षणभर टेकवा, ट्विटरला कधीच नाही. अधिक टोक लाल टर्मिनलला लावल्यावर कोन बाहेर यायला हवा. जेबीएल कंपनीच्या जुन्या स्पीकरमध्ये उलटं होतं, तो दोष नव्हे. कॅबिनेटचा तळही नखाने दाबून बघा. भुशाचा बोर्ड एकदा फुगला की बसत नाही.

कड बदलताना मापाचा फोमच घ्या. जाड रबराची कड कोनला जखडते, बास बदलतो. जुना गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ करून खरवडा. आधी कड कोनला चिकटवून वाळू द्या, मग बास्केटला (वूफरच्या धातूच्या सांगाड्याला). हा दुसरा गोंद ओला असतानाच ३० हर्ट्झचा सूर अगदी हळू लावा आणि खरखर थांबेपर्यंत कोन मध्यावर आणा. मग २४ तास हात लावू नका. जुलैत दुप्पट वेळ द्या.

क्रॉसओव्हरमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वयाने बिघडतात. दोन्ही स्पीकरमधले एकदमच बदला, तितक्याच मायक्रोफॅरडचे आणि नॉन-पोलरच (अधिक-उणे टोकं नसलेले). साधे पोलर इथे चालत नाहीत.

आणि घरी आणल्यावर फरशीवर ठेवू नका. भिंतीपासून वीतभर पुढे, लाकडी पाटावर ठेवा.