तुम्ही विचारलंत म्हणून: न निघालेली तबकडी

"ग्रामोफोनची जी तबकडी कधी निघाली नाही, जो चित्रपट कुणी काढला नाही, तो मनाशी रचून काय मिळतं? आणि रचायचा तर सुरुवात कुठून करायची?" बडोद्यात गाण्याची बैठक संपून चहा आला की हा प्रश्न हमखास निघतो. तुम्हीही तोच विचारलात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सुरुवात गवई भास्करबुवा बखल्यांपासून करू, कारण आपली सगळ्यात जुनी हळहळ तीच आहे. बुवांचा जन्म १८६९ चा, बडोदे संस्थानातला. फैज महंमद खाँकडे ग्वाल्हेरची तालीम, पुढे नत्थन खाँकडे आग्र्याची, मग अल्लादिया खाँकडची. तीन घराणी एका गळ्यात आली. हिंदुस्थानात ध्वनिमुद्रण सुरू झालं १९०२ मध्ये, कलकत्त्यात, आणि बुवा गेले १९२२ मध्ये. वीस वर्षं यंत्रही होतं आणि गवईही होता, तरी त्यांचा आवाज आपल्याकडे नाही.

आता रचायला बसताना बदल एकच करायचा: १९१७ साली बुवा ध्वनिमुद्रणाच्या कर्ण्यासमोर बसले. बाकी सगळं होतं तसंच. नवखे लोक इथेच घसरतात. बुवांना कर्ण्यासमोर बसवतात, वर चांगला मायक्रोफोन देतात, वर अर्धा तास देतात. मग ती १९१७ ची तबकडी राहत नाही, आपल्या हौसेची होते. विजेवरचं ध्वनिमुद्रण १९२५ मध्ये आलं. त्याआधी गवयाने कर्ण्याच्या तोंडाशी गायचं, तान जोरात आली की मान मागे घ्यायची, आणि सुई थेट मेणावर चर कापणार. चुकलं तर पुसता येत नाही, नवं मेण लावायचं. ते मेण ऐकून बघायची सोय नाही, कारण वाजवलं की चर बिघडतो.

या कर्ण्याला ढोबळमानाने दोनशे ते दोन हजार हर्ट्‌झ एवढंच ऐकू येई. काळी एकच्या, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी 'सा' धरणाऱ्या, पुरुष गवयाच्या तंबोऱ्याचा खर्ज (सर्वांत खालचा सा) साधारण ६९ हर्ट्‌झवर असतो. म्हणजे तंबोरा जवळजवळ गायब, तबल्याचा बायाँ पुसट, आणि जवळ ठेवलेली पेटी मात्र ठणठणीत. गवयाचा मध्य षड्जसुद्धा १३९ हर्ट्‌झवर, पकडीच्या खाली. आपला कान वरच्या स्वरांशांवरून तो भरून काढतो. म्हणून कल्पनेतली तबकडी 'ऐकताना' घुमारा काढून टाका. बुवांचा आवाज मनात बारीक, समोरून येणारा, थोडा नाकातून आल्यासारखा ऐका. जीवावर येतं, पण तिथे सूट घेतली की पुढचं सगळं खोटं पडतं.

मग वेळेचा हिशेब. दहा इंची तबकडीची एक बाजू साधारण तीन मिनिटांची. सुरुवातीची पेटी दहा सेकंद धरा, उरले १७०. मध्यलय तीनताल मिनिटाला १२० मात्रांनी घेतला तर आवर्तन, म्हणजे तालाच्या सोळा मात्रांची एक फेरी, आठ सेकंदांचं, म्हणजे एकवीस आवर्तनं हाताशी आली. वाटणी अशी करावी: स्थायीला चार, अंतऱ्याला तीन, बोलआलापाला चार, तानांना आठ, शेवटी मुखडा घेऊन समेवर यायला दोन. हे बोटांवर मोजत प्रत्यक्ष गाऊन बघा. आठव्या आवर्तनाला बोलआलाप सुरू करताना जी घाई होते, ती कळली की त्या काळच्या खऱ्या तबकड्या वेगळ्या कानाने ऐकू येतात. गवई उथळ गात नव्हता, तो घड्याळ सांभाळत होता.

विलंबित घ्यायचा मोह फार होतो. चार सेकंदांच्या मात्रेचा झुमरा ताल म्हणजे चौदा मात्रांना ५६ सेकंद, तीन मिनिटांत तीनच आवर्तनं. पण अडचण नुसती वेळेची नाही, काळाची आहे. ती अतिविलंबित चाल इंदूरच्या अमीर खाँसाहेबांनी रुजवली, आणि त्यांचा जन्म १९१२ चा. बुवा गेले तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. ती चाल बुवांच्या तोंडी घालणं म्हणजे आजोबांना नातवाचा सदरा घालणं.

गायकी कुठली? तिन्ही घराणी तीन मिनिटांत कोंबू नका. दोन तबकड्या, चार बाजू धरा आणि प्रत्येक बाजूला एक वळण द्या. आधार म्हणून शिष्यांच्या तबकड्या घ्या, मास्टर कृष्णरावांच्या आणि बालगंधर्वांच्या. दोघांत सारखी येणारी जागा गुरूची असण्याचा संभव जास्त, एकातच येणारी बहुधा त्याची स्वतःची. चौथ्या बाजूवर नाट्यपद हवं असेल तर 'स्वयंवर'चं चालेल. बुवांच्या चालींचं ते नाटक १९१६ मध्ये रंगभूमीवर आलं. तबकडी १९१२ ची धरलीत, तर ते पद गेलं.

बारीक गोष्टींत दोन फार नडतात. आरंभीच्या तबकड्यांवर शेवटी गायकाने नाव पुकारलेलं असतं, कारण मेण तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जाई आणि तिथल्या कारागिराला गाणारा कोण हे कळायला हवं. कलकत्त्यात १९०८ मध्ये तबकड्यांचा कारखाना निघाला. म्हणून १९१७ च्या तबकडीत मी ती पुकार ठेवत नाही. दुसरी गोष्ट फेऱ्यांची. मिनिटाला ७८ फेऱ्या हा आकडा तेव्हा पक्का नव्हता. ७४ फेऱ्यांनी कापलेली तबकडी ७८ वर लावली तर सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो, काळी एकचा गवई पांढरी दोनमध्ये गायला लागतो. शिष्यांच्या तबकड्यांवरून गुरूची पट्टी ठरवण्याआधी हे तपासा.

आग्रा घराण्याच्या फैयाज खाँसाहेबांचं उलट आहे. त्यांच्या ७८ च्या तबकड्या आहेत, पण नोमतोमचा, म्हणजे 'नोम्', 'तोम्' अशा अक्षरांवरचा, आलापही तीन-साडेतीन मिनिटांत बसवावा लागला. लाँग प्ले, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी, अमेरिकेत १९४८ मध्ये आली, खाँसाहेब बडोद्यात १९५० च्या नोव्हेंबरात गेले. मध्ये दोन वर्षं आहेत. तेव्हा आयुष्य वाढवायला नको, १९४९ मध्ये बडोद्यात एक टेप झाली एवढंच धरा. बदल जितका लहान, तितकं रचलेलं पक्कं. आवाज मात्र त्या वयाचाच ठेवा.

ती टेप लाँग प्लेवर उतरवताना अडचण चराची. जाड, खर्जाच्या आवाजाला चर रुंद लागतो. एका बाजूला पंचवीस मिनिटं भरली तर चर जवळजवळ येतात आणि आवाज बारीक करावा लागतो. शिवाय सुई आत जाईल तशी चराची धाव कमी होते: बाहेर सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर, अगदी आत २१. आपलं गाणं नेमकं शेवटी द्रुत होतं, म्हणजे तबकडी जिथे सर्वांत कमजोर तिथेच ताना येतात! म्हणून अठरा-एकोणीस मिनिटांवर थांबा. पहिल्या बाजूला नुसता आलाप, दुसरीला धमार. एक चीज दोन बाजूंत तोडू नका.

चित्रपटाबद्दल थोडक्यात. दादासाहेब फाळके इथल्या कलाभवनचे विद्यार्थी, त्यामुळे 'फाळक्यांचा बडोद्यातला चित्रपट' सगळ्यांना सुचतो. पटकथा मिनिटांत लिहू नका, फुटांत लिहा. एका फुटात सोळा चौकटी, सेकंदाला सोळा चौकटी, म्हणजे एक फूट एक सेकंद. 'राजा हरिश्चंद्र' ३७०० फुटांचा होता: सोळाच्या गतीने तासाभराहून किंचित जास्त, आजच्या चोवीसच्या गतीने ४१ मिनिटं. मूकपटातली दहा सेकंद वाचायची मजकुराची पाटी दहा फूट खाते, चाळीस पाट्यांत चारशे फूट गेले. प्रकाश उन्हाचा, म्हणून दिवाणखाना बिनछताचा उभारायचा आणि बडोद्याचा पावसाळा सोडून द्यायचा.

काय मिळतं, तेही विचारलं होतंत. गेलेल्या माणसाचं गाणं मिळत नाही. ते नेमकं केवढं हरवलंय याचं माप मिळतं, आणि जे उरलंय ते ऐकायची रीत मिळते.

या कल्पनेतल्या तबकडीच्या लेबलाचं चित्र काढणार असाल तर अनुक्रमांक मोकळा सोडा, खऱ्या तबकडीच्या क्रमांकाशी गाठ पडायला नको. आणि 'काल्पनिक' हा शब्द चित्राखाली लिहू नका. चित्र पुढे पाठवलं जातं, खालची ओळ गळते, आणि आठवड्याभरात कुणीतरी 'बुवांची दुर्मीळ तबकडी सापडली' म्हणून तेच चित्र तुम्हालाच पाठवतं. तो शब्द लेबलवरच हवा, मधल्या भोकाच्या वर, गवयाच्या नावाइतक्याच ठळक अक्षरात.