जुना बाजार, पुणे: कात्रण नको, अख्खा अंक घ्या

मागच्या रविवारी सकाळी साडेनऊला मंगळवार पेठ मेट्रो स्थानकावर उतरले आणि चालत जुना बाजार गाठला. हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मला हव्या होत्या पेन्सिल, शाई, टाक, दौत यांच्या जुन्या मराठी जाहिराती, आणि जमलंच तर त्या वस्तू. निम्म्या पथाऱ्या तेव्हा मांडल्या जात होत्या. हीच वेळ चांगली, कारण गोणी आपल्यासमोर उघडते आणि भवानीच्या वेळी विक्रेते भाव फार ताणत नाहीत.

पुढच्या बाजूला लोखंडी सामान जास्त असतं: पाने, नळ, गाड्यांचे सुटे भाग. तिथे वेळ घालवू नका. कागद असतो कडेला, भांड्यांच्या नाहीतर बंद पडलेल्या रेडिओंच्या ढिगामागे. विचारतानाही नेमकं विचारा: "काका, जुनी मासिकं, दिवाळी अंक, दुकानाची बिलं आहेत का?" नुसतं "जुनं काही आहे का" म्हटलं की पितळी मूर्ती पुढे येतात, आणि त्यातल्या कितीतरी नव्या घडवून काळ्या केलेल्या असतात.

एका काकांच्या गोणीतून कव्हर गेलेलं एक मासिक निघालं. आत पानाच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलची जाहिरात: शर्ट-चड्डीतला मुलगा, हातात त्याच्याच उंचीची पेन्सिल. मी बघत राहिलेली पाहून काका म्हणाले, "ताई, तुम्हाला जाहिरातच पाहिजे ना? कापून देतो, स्वस्तात पडेल." हातात कात्री होतीच. मी घाईघाईने नको म्हटलं आणि अख्खा अंक मागितला. ३०० सांगितले, २०० ला दिला.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांना माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं हेच आहे. पहिली दोन वर्षं मी कात्रणंच घेत होते, प्लॅस्टिकच्या पाकिटातली, छान चौकोनी कापलेली. आज त्यातली अकरा माझ्याकडे आहेत आणि एकाचंही वर्ष सांगता येत नाही. मासिक कोणतं, शेजारी काय छापलं होतं, वाचणारा कोण असेल, हे सगळं कात्रीखाली गेलं. सुटी जाहिरात भिंतीवर शोभते, पण तिला काही विचारायला जावं तर ती मुकी असते.

पान पूर्ण असलं की काळ बराच जवळ आणता येतो. किंमत आण्यांत असेल तर छपाई बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीची, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली. लोक पुढेही आण्यांत बोलत राहिले, म्हणून दुसरी खूणही शोधावी. 'नवे पैसे' दिसले तर १९५७ ते १९६४. पत्ता 'मुंबई ४' किंवा 'पुणे २' असा असेल आणि सहा आकडी पिन नसेल, तर १९७२ च्या आधीची शक्यता जास्त. ब्रँडही मदत करतात. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये 'हॉर्स ब्रँड' शाईची पूड आणि वड्या विकायला सुरुवात केली. उंटाची, म्हणजे कॅमलची शाई त्यानंतरची. नटराज पेन्सिल बनवणारी हिंदुस्थान पेन्सिल्स १९५८ ची. तेव्हा कोणी आण्यांतल्या किमतीची नटराजची जाहिरात दाखवली, तर शंका घ्या.

खिशात साधं भिंग ठेवा. आजच्या रंगीत प्रिंटमध्ये भिंगाखाली बारीक रंगीत ठिपके दिसतात. जुन्या खिळेछपाईत, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांनी केलेल्या छपाईत, अक्षराची कड दाट असते आणि पानाच्या मागून बोट फिरवलं की दाब जाणवतो. इनॅमलच्या पाट्या मी घेत नाही, त्यात नकला फार.

त्याच पथारीवर पत्र्याच्या कंपासपेटीत अर्धी झिजलेली शाईची पेन्सिल मिळाली, २० रुपयांना. हिच्या शिशात रंगद्रव्य असतं. कोरडी असताना करडी उमटते, ओली झाली की जांभळी. लिहिलेलं खोडरबरने सहज जात नाही, म्हणून पावत्या आणि हिशेबांसाठी ती वापरत. खरी आहे का हे बघायला टोक जिभेला लावू नका, तो रंग विषारी असू शकतो. ओल्या बोटानेही कळतं, डाग मात्र टिकतो.

दुपारी जिल्हा न्यायालय (सिव्हिल कोर्ट) स्थानकावर मेट्रो बदलून मंडई स्थानकावर उतरले आणि शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय पुन्हा पाहिलं. जुना बाजार करून इथे यायलाच हवं. चष्म्यांचं दुकान चालवणारे, 'अज्ञातवासी' नावाने कविता करणारे दिनकर केळकर गावोगाव फिरून अडकित्ते, दिवे, पाय घासायच्या वजऱ्या, स्वयंपाकघरातली भांडी गोळा करत राहिले आणि लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने त्यांनी हे सगळं उभं केलं. अडकित्त्यांच्या कपाटासमोर मी अर्धा तास होते. नुसती सुपारी कातरायची वस्तू, आणि किती हातांनी ती किती वेगळी घडवली! दालनं मोठी आहेत, किमान दोन तास ठेवा.

घरी आणलेला कागद लगेच संग्रहात मिसळू नका. त्यात कसर, म्हणजे कागद खाणारी कीड, असू शकते. दोन-तीन आठवडे वेगळा ठेवून पानं अधूनमधून झटका. गंजलेल्या टाचण्या हळूच काढा. सेलोटेप आणि लॅमिनेशन तर नकोच: टेपचा गोंद पिवळा पडून कागदात उतरतो आणि लॅमिनेशन पुन्हा सोडवता येत नाही. ऊन लागणार नाही अशा जागी, सपाट ठेवा. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि बदलत राहा.

रात्री तो अंक टेबलावर उघडला. जाहिरातीच्या शेजारच्या कोऱ्या कडेवर, जिथून काकांची कात्री गेली असती तिथेच, बारीक अक्षरात दुधाचा हिशेब होता. सोमवार दीड शेर, मंगळवार एक, बुधवार नाही. 'नाही'वर कधीतरी पाण्याचा थेंब पडला असावा. तेवढा शब्द जांभळा झाला आहे.